मायकेल फॅरडे : सूत्र न लिहिणारा शास्त्रज्ञ



घरात ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीला कोणी असेल, तर फिजिक्सचं हे गणित तुमच्या ओळखीचं असणार. २०० वेढ्यांच्या कॉइलमधून जाणारा चुंबकीय फ्लक्स ०.१ सेकंदात ०.००३ वेबरने बदलला, तर कॉइलमध्ये किती व्होल्टेज तयार होईल? वेढे गुणिले फ्लक्समधला बदल, भागिले वेळ. उत्तर ६ व्होल्ट, मार्क खिशात!

याला फॅरडेचा नियम म्हणतात. गंमत अशी की हे सूत्र स्वतः फॅरडेने लिहिलेलं नाही. अंकगणितापलीकडे त्याची फारशी मजल नव्हती. विजेवरचे त्याचे जाडजूड शोधनिबंध चाळले तर पानंच्या पानं उलटली तरी समीकरण सापडत नाही. मग हा नियम त्याला कळला कसा?

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, थेम्सच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. आजच्या एलिफंट अँड कॅसल स्टेशनजवळचाच हा भाग. (तिथे स्टीलचा एक मोठा चकचकीत ठोकळा उभा आहे, ते त्याचं स्मारक. ठोकळ्याच्या पोटात ट्यूबचं वीज सबस्टेशन आहे! यापेक्षा योग्य स्मारक मला तरी सुचत नाही.) वडील लोहार, तब्येतीने अधू, घरात पैशाची कायम ओढाताण. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब, बस्स.

तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि वर्षभराने तिथेच सात वर्षांच्या करारावर बाइंडिंग शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक, या दोहोंनी त्याला वेड लावलं. बाहेर एक शिलिंग देऊन विज्ञानाची व्याख्यानं ऐकता येत. ते पैसे त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. तोही लोहारच. या भावाचं नाव आपल्या पुस्तकांत कुठे येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा सुपरस्टार. फॅरडेने सगळ्या नोट्स नीट लिहून काढल्या, चित्रं काढली, स्वतः बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हीला पाठवून नोकरी मागितली. आजच्या भाषेत सीव्हीच म्हणा. जागा नव्हती. पण काही महिन्यांत प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं आणि १ मार्च १८१३ ला फॅरडे तिथे लागला. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाला. त्याचा नोकर ऐनवेळी यायला तयार होईना, तेव्हा ती कामंही फॅरडेकडे आली. डेव्हीची बायको तर त्याला नोकरासारखंच वागवायची. पण याच दौऱ्यात त्याला अँपिअर भेटला, व्होल्टा भेटला. आपण ज्यांना एककं म्हणून ओळखतो, ती माणसं!

आता मुख्य कथा. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेडला दिसलं की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८२१ मध्ये, फॅरडेने पाऱ्याच्या पेल्यात चुंबक उभा करून त्याच्याभोवती वीज वाहणारी तार गोल गोल फिरवून दाखवली. जगातली पहिली विजेची मोटर. आनंदाच्या भरात त्याने निबंध लगेच छापला आणि तिथेच घोटाळा झाला. वोलस्टन नावाचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हीबरोबर अशाच विषयावर प्रयोग करत होते. त्यांची कल्पना वेगळी होती, त्यांना तार स्वतःभोवती फिरवायची होती. पण निबंधात त्यांचा उल्लेख नव्हता. लोहाराच्या पोराने मोठ्या माणसाची कल्पना चोरली, अशी कुजबुज सुरू झाली. वोलस्टननी स्वतः फार ताणलं नाही. डेव्हीने मात्र ते मनात ठेवलं. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडेचं नाव आलं तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष डेव्ही होता आणि त्याचा या निवडीला विरोध होता. फॅरडे निवडून आला, विरोधात फक्त एक मत पडलं. ज्याने हात धरून वर आणलं त्यानेच आडवं यावं! फॅरडेने मात्र डेव्हीबद्दल उघडपणे कधी वाईट बोलल्याचं दिसत नाही. माझ्या मते यात भित्रेपणा नव्हता. प्रयोगशाळेत कसं उभं राहायचं हे त्याला डेव्हीनेच शिकवलं होतं.

पुढची काही वर्षं दुसऱ्याच कामात गेली. १८२५ मध्ये त्याला बेंझिन सापडलं. त्याच सुमारास रॉयल सोसायटीने टेलिस्कोपसाठी चांगली काच बनवण्याचं काम त्याच्या गळ्यात मारलं. वर्षानुवर्षं भट्टीपुढे बसून हाती आलं ते थोडंच. शिशाची जड काच तेवढी उरली. ती काच लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

विजेने चुंबकत्व तयार होतं, तर चुंबकाने वीज का होऊ नये? हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला होता. फॅरडेचे आधीचे प्रयत्न फसले होते, कारण सगळे जण कायम टिकणारा प्रवाह शोधत होते. २९ ऑगस्ट १८३१ ला त्याने सुमारे सहा इंच व्यासाचं लोखंडी कडं घेतलं आणि त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेचे वेगवेगळे वेढे गुंडाळले. (प्लॅस्टिकच्या वायरी तेव्हा नव्हत्या, मध्ये सुतळी आणि कापड घालून.) एका बाजूला बॅटरी जोडली. दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसुई हलली आणि लगेच जागेवर आली. बॅटरी चालूच, सुई मात्र ढिम्म. बॅटरी काढली तेव्हा सुई पुन्हा हलली. इथेच सगळं आहे. चुंबकत्व असून उपयोग नाही, ते बदललं पाहिजे. आपल्या सूत्रातला तो भागाकार, फ्लक्समधला बदल भागिले वेळ, म्हणजे त्या सुईचा तो झटका. १७ ऑक्टोबरला नुसता चुंबक कॉइलमध्ये आत-बाहेर करूनही वीज मिळाली आणि महिनाअखेरीस चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग प्रवाहही मिळाला. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर, दोन्हींचं मूळ दोन महिन्यांत! ते कडं रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवलंय.

याचं स्पष्टीकरण मात्र त्याने आकड्यांत नाही, चित्रात दिलं. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात, त्या त्याला खऱ्याच वाटत होत्या. तारेने त्या रेषा कापल्या की वीज. आपण शाळेत ही चित्रं दोन मार्कांसाठी काढतो. त्याचा सगळा विचारच त्या चित्रात चालायचा. मेण लावलेल्या कागदावर कीस पसरून, मेण वितळवून त्याने त्या रेषा कायमच्या पकडूनही ठेवल्या. (हा प्रयोग घरी मुलांबरोबर जरूर करा.) गणिती मंडळींना हे बाळबोध वाटलं. गुरुत्वाकर्षणासारखंच इथेही दोन वस्तूंमध्ये नुसतं बल असतं, मध्ये रेषाबिषा काही नाही, असं त्यांचं मत. १८३९ च्या सुमारास फॅरडेची तब्येतही ढासळली. चक्कर, विस्मरण. काही वर्षं मोठं काम झालं नाही.

आणि मग १३ सप्टेंबर १८४५ ला ती जुनी जड काच कामी आली. तिच्यातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला आणि शेजारी जोरदार विद्युतचुंबक चालू केला, तर प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा फिरली. शाळेत वीज, चुंबकत्व आणि प्रकाश हे तीन वेगळे धडे असतात. ते एकाच कुटुंबातले आहेत याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा.

१८५६ च्या सुमारास मॅक्सवेल नावाच्या पंचविशीतल्या पोराने फॅरडेच्या रेषा गणितात मांडायला घेतल्या. फॅरडे तेव्हा पासष्टीकडे झुकलेला. इतकं गणित पाहून तो आधी दचकला, पण खूशही झाला. त्याने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं की हेच निष्कर्ष आमच्यासारख्यांना प्रयोग करता येतील अशा साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का? माझ्या मते प्रत्येक फिजिक्सच्या शिक्षकाने हे पत्र वाचायला हवं.

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्याने नाकारलं. मुलांसाठीची ख्रिसमस व्याख्यानं मात्र १९ वर्षं दिली. (१९९१ ते २००१ या काळातल्या वीस पौंडांच्या नोटेवर तो व्याख्यान देतानाच दिसायचा.)

मार्च १८६२ मध्ये त्याने शेवटचा मोठा प्रयत्न केला. ज्योत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली तर तिच्या वर्णपटातल्या रेषा बदलतात का, हे पाहायचं होतं. काहीच दिसलं नाही आणि त्याने वहीत तशी नोंद केली. २५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टजवळच्या घरी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली त्याला पुरलं.

नेदरलँड्सच्या झीमनने नंतर कुठेतरी त्या फसलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं. फॅरडेला ज्याची शक्यता वाटली ते पुन्हा करून पाहायला हरकत नाही, असा विचार करून त्याने १८९६ मध्ये जास्त चांगली उपकरणं वापरून तोच प्रयोग केला. या वेळी रेषा रुंदावलेल्या दिसल्या. १९०२ चं नोबेल झीमनला आणि त्याचं स्पष्टीकरण देणाऱ्या लॉरेंट्झला मिळून मिळालं.