कै. लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी जन्मलेल्या मनकर्णिकेचा विवाह बालवयातच कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झाला व ती लक्ष्मीबाई झाली. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख पतीनेच करून दिली.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी येथे मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तू अगदी लहान होता. पतीकडे जावे तर धर्म जातो, न जावे तर लेकराला पिता अंतरतो, अशा पेचात त्या माउलीने काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने कंठिली. पुढे त्या मुलासह पतीजवळ राहू लागल्या खऱ्या. पण चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी त्यांचे सोवळे बळाने मोडविले नाही, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कवितेहूनही थोर वाटते. अखेर एके दिवशी, जातिभेद देवाने केला की माणसाने, असा विचार करता करता लक्ष्मीबाईंचा निश्चय झाला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली.

मग त्यांच्या घरी पोरक्या मुलांचीही पाने मांडली जाऊ लागली. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. १९३६ साली त्याही वारल्या. दत्तूच्या आग्रहावरून लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आपल्या सोवळ्याची फजिती त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितली आहे.