परवानगीचे तीन अंक : डेनिस रिची

'सी'चा पेपर आपण सगळ्यांनीच दिलाय, काहींनी तर दोनदा! त्यामुळे डेनिस रिची हे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून सर्वांना पाठ असतं. मी डिपार्टमेंटच्या लिनक्स लॅबमध्ये ज्युनिअर्सची अकाउंट्स उघडून द्यायचं काम करतो. ते करताना मला रिचींची जी वेगळी ओळख झाली, ती इथे सांगतो.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये संशोधक. मुलगा हार्वर्डला आधी फिजिक्स आणि मग अप्लाइड मॅथ्स शिकला आणि १९६७ मध्ये तोही बेल लॅब्समध्येच लागला. पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी १९६८ मध्ये लिहून पूर्ण केला, पण पदवी काही घेतली नाही. नंतर त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

तेव्हा बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची प्रचंड सिस्टिम बांधत होते. कोणत्या फाइलला कोणी हात लावायचा, याची सविस्तर यादी त्यात ठेवता येई. पण पसारा आवरेना, म्हणून १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं. मग केन थॉम्प्सन यांनी एका छोट्या पीडीपी-७ मशिनवर नवी सिस्टिम सुरू केली. रिची त्यांच्या जोडीला होते. हेच युनिक्स.

१९७१ मध्ये बेल लॅब्सच्या पेटंट विभागातले टायपिस्ट युनिक्सवर काम करू लागले. त्याच मशिनवर प्रोग्रामर लोकांचे प्रयोगही चालू! आता कोणाची फाइल कोणी वाचायची आणि कोणी बदलायची, हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. युनिक्सचं उत्तर अगदी आटोपशीर होतं. १९७४ च्या लेखात रिची आणि थॉम्प्सन यांनी प्रत्येक फाइलचे सात बिट सांगितले आहेत. वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे तीन हक्क मालकाला वेगळे, बाकीच्यांना वेगळे, म्हणजे सहा. १९७८ च्या सुधारित लेखात मधे 'ग्रुप' आला आणि सहाचे नऊ झाले. आपण टाइप करतो ते तीन अंक म्हणजे हेच नऊ बिट.

उरलेला एक बिट खास रिचींचा. पासवर्डची फाइल कोणालाही लिहू देता येत नाही, पण स्वतःचा पासवर्ड तर प्रत्येकाला बदलता आला पाहिजे. मग करायचं काय? ऑफिसचं रजिस्टर आपल्या हातात देत नाहीत, पण खिडकीतला क्लार्क आपल्या नावापुढची नोंद बदलून देतो, तसंच हे. तो बिट लावला की प्रोग्राम चालेपर्यंत मालकाचे हक्क वापरतो आणि ठरलेलं तेवढंच काम करतो. या 'सेट-यूजर-आयडी' कल्पनेचं पेटंट रिचींच्या नावे १९७९ मध्ये मंजूर झालं. पुढे ते सर्वांना खुलं करण्यात आलं. बहुतेक लिनक्स मशिन्सवर पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामच्या परवानग्यांत 'एक्स'च्या जागी 'एस' दिसतो, तो हाच.

अर्थात क्लार्कच गाफील असला तर सगळं ऑफिस उघडं! असे प्रोग्राम नीट लिहिले नाहीत तर धोका आहे आणि युनिक्स घडवताना सुरक्षितता हा मुख्य विचार नव्हता, हे रिचींनी स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याच सिस्टिमचे दोष असे मोकळेपणी सांगायला धाडस लागतं.

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये स्टीव्ह जॉब्ज गेले, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्यानंतर आठवड्याभरात, १२ ऑक्टोबरला, रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. त्याची चर्चा फार कमी झाली.

आपल्याकडे काही चाललं नाही की सरळ ७७७ मारायची पद्धत आहे. गेल्या वर्षी एका ग्रुपचा प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या रात्री उडाला, कारण फोल्डर साऱ्या लॅबला खुला होता. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पण चौघांची दोन महिन्यांची मेहनत गेली. ग्रुपपुरतं काम असेल तर ७७० पुरतं. तेवढं कराच!