सुधाकर कोणत्या साच्यात बसतो?

कल्पित पात्राचा स्वभाव ठरावीक प्रकारांत बसवण्याचा छंद आज तरुणांत चांगलाच रुजला आहे. पात्र विचाराने निर्णय घेते की भावनेने, डोळ्यांसमोरच्या वास्तवावर विसंबते की अंतःप्रज्ञेवर, यावर हिरिरीने वाद होतात. या मांडणीचे मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथात आहे. अशा वादाला पुरून उरेल असे एक पात्र त्याच्या दोन वर्षे आधीच मराठी रंगभूमीवर आले होते. ते म्हणजे ‘एकच प्याला’तील सुधाकर. त्याचे जनक राम गणेश गडकरी मात्र तो प्रयोग पाहण्यास हयात नव्हते.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुण्यात आल्यावर महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले. क्षयाने ग्रासलेल्या या नाटककाराचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निधन झाले. त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते.

मराठी संगीत नाटकाची नाळ कर्नाटकाशीही जुळलेली होती. हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ याच रंगभूमीवर सवाई गंधर्व म्हणून गाजले. त्यामुळे हुबळीच्या दाजीबानपेठेतील मराठी रसिकालाही सुधाकर परका वाटू नये.

सुधाकर बुद्धिमान वकील. युक्तिवाद हेच त्याचे बळ, म्हणून त्याला विचारप्रधान म्हणण्याचा मोह होतो. पण न्यायालयातील अपमान आणि सनदेवरील बंदी यांनी तो कोसळतो, ते दुखावलेल्या अभिमानामुळे. युंगच्या दृष्टीने पाहिल्यास, प्रबळ विचाराखाली दबून अपक्व राहिलेली भावना येथे उसळून वर येते. प्रतिपक्ष म्हणेल की, तो मुळातच भावनाप्रधान आहे आणि वकिली हे केवळ कवच. दोन्ही बाजू पटण्याजोग्या आहेत.

तरीही या वादात एक धोका आहे. प्रकार ठरला की दोष स्वभावावर ढकलता येतो. गडकऱ्यांनी ती पळवाट ठेवलेली नाही. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याची किंमत सिंधू आणि तान्हे मूल प्राणांनी चुकवतात. स्वभाव घसरण समजावून सांगतो, तिची जबाबदारी मात्र पुसत नाही.

खुद्द गडकरी तरी एका साच्यात कुठे मावले? प्रेमाची आर्तता गाणारे गोविंदाग्रज तेच, वाचकांना खदखदून हसवणारे बाळकरामही तेच आणि सुधाकराचा सर्वनाश रेखाटणारे नाटककारही तेच. निर्मात्याच्याच अंगी इतकी माणसे नांदत असताना त्याच्या पात्राला चार अक्षरांत बंदिस्त करण्याची घाई न केलेलीच बरी.