कै. डॉ. रखमाबाई आणि स्त्रियांची रुग्णसेवा

नाशिकच्या द्वारका चौकातून रुग्णालयाकडे जाणारी एखादी गर्भवती भगिनी दिसली, तर आम्हां ज्ञातिबांधवांस त्यात आज काहीच विशेष वाटत नाही. परंतु प्रसूतीसाठी घराचा उंबरठा ओलांडून परक्या इमारतीत जावे, हे आपल्या पणज्यांस अशुभ वाटे. तो समज घालविण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्यांत डॉ. रखमाबाईंची गणना अग्रभागी करावी लागेल.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. सुतार ज्ञातीत विधवाविवाहास मोकळीक असल्याने मातोश्री जयंतीबाई यांचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला आणि या विद्वान वैद्याच्या घरी मुलीस विद्येची गोडी लागली. तथापि वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न उरकण्यात आलेच. पुढील खटला सर्वश्रुत आहे. १८८४ साली पतीने दावा लावला. १८८७ साली, नांदावयास जा अथवा सहा महिन्यांचा तुरुंग भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. लोक त्यांस या खटल्यासाठीच ओळखतात. आमच्या मते त्यांचे खरे कार्य त्यानंतरचे होय.

त्या काळी स्त्रियांच्या दवाखान्यांसाठी सरकारी तिजोरीचे दार सहजी उघडत नसे. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली व किट्रेज या गृहस्थांनी वर्गणी गोळा केली, पेस्तनजी कामा यांनी इमारतीसाठी मोठी देणगी दिली, तेव्हा १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. १८८५ साली लेडी डफरिन यांनी स्थापिलेला निधीही मुख्यतः संस्थानिकांच्या व धनिकांच्या औदार्यावर चाले. आता इमारत एकदाच बांधावयाची असते व तीवर दात्याचे नाव कोरता येते; परिचारिकेचा पगार व औषधांचा खर्च मात्र दर महिन्यास उभा राहतो, आणि त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही! शिवाय खाटा रिकाम्या दिसल्या, तर कोणता दाता पुन्हा हात सैल सोडील?

कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ साली शिक्षण पुरे करून त्या परतल्या, काही काळ कामा रुग्णालयात राहिल्या व १८९५ साली सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. तेथे इमारत होती, डॉक्टरीणबाई होत्या. परंतु बाळंतिणी येत ना! मग, असे सांगतात, की बाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली आणि तिची सुखरूप सुटका केली. ही वार्ता घरोघर गेली व भीती ओसरू लागली. प्रसंग हसण्याजोगा वाटेल. परंतु नवा दालनखंड बांधूनही जे साधले नसते ते एका शेळीने साधले. प्लेगच्या दिवसांतही बाईंनी सेवेत खंड पडू दिला नाही. सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. सुरतेस त्यांची बावीस वर्षे गेली.

१९१४ साली सरकारने स्त्री-वैद्यकीय सेवा सुरू केली. तीही डफरिन निधीच्या हाती सोपवून, वार्षिक अनुदान देऊन. प्रारंभी डॉक्टरणी अवघ्या २५, आणि त्यांच्याकडून अपेक्षा उभ्या हिंदुस्थानची! या सेवेचे बोलावणे रखमाबाईंस आले असता त्यांनी ते नाकारले आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाचे काम पत्करले. कोणास हा हट्ट वाटेल. आम्हांस मात्र त्यात सुरतेचा अनुभव दिसतो : माणसांचा विश्वास एके ठिकाणी वर्षानुवर्षे राहिल्यानेच मिळतो, बदल्यांच्या नोकरीत तो जोडणे अवघड असते. राजकोटास त्यांनी रेडक्रॉसची शाखाही उभारली.

पुढे निवृत्त होऊन त्या मुंबईस आल्या. १९२९ साली त्यांनी पडदा-पद्धती बंद करावी असे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या स्त्रिया दवाखान्याच्या पायरीपर्यंत येऊ शकत नव्हत्या, त्यांना या बाईंनी आयुष्यभर जवळून पाहिले होते. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, त्यांचे देहावसान झाले.