अरणचा माळी आणि आमची परसबाग

आषाढ लागला की आमच्या गुंजवण्यात माणसाला मान वर करायला सवड नसते. राजगडाच्या पायथ्याचे हे गाव. तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. ज्येष्ठात टाकलेला भाताचा तरवा वीतभर वर येतो, ओढे दुथडी वाहू लागतात आणि गडावरचे ढग पायथ्याशी उतरतात. त्या धो धो पावसात, डोक्यावर इरले घेऊन, घरातल्या लहानथोरांनी खाचरात वाकायचे असते. आवणी आठ दिवस चुकली तर वर्ष चुकले.

नेमके ह्याच सुमारास डोंगरापलीकडे सासवडच्या वाटेने ज्ञानोबांची पालखी पंढरीला निघालेली असते. माझ्या आजीला जन्मभर त्या पालखीबरोबर चालायचे होते. ते घडले नाही. दर वर्षी आवणी आडवी आली. एकादशीला ती घरीच उपवास करायची, परसातल्या तुळशीला पाणी घालायची आणि सावता माळ्याचे नाव घ्यायची. तो तरी कुठे मळा टाकून पंढरीला गेला होता, असे ती म्हणे. म्हणताना हसायची, पण त्या हसण्यात थोडी खंत असे, हे मला पुढे कळले.

कॉलेजात आल्यावर माझ्या मनात एक संशय शिरला. आपले काम हीच पूजा, ही शिकवण गरिबाला त्याच्या कामालाच बांधून ठेवण्यासाठी तर नसेल? ज्याला सवड आहे त्याने वारी करावी आणि ज्याला नाही त्याने समाधान मानावे, एवढाच सावतोबांचा अर्थ असेल काय? ह्या प्रश्नापायी मी त्यांच्या चरित्राच्या मागे लागलो.

सावतोबांचा जन्म इ. स. 1250 चा. गाव अरण, सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात, मोडनिंबजवळ. आजोबांचे नाव दैवू माळी, वडिलांचे परसोबा, आईचे नंगिताबाई. आजोबा आणि वडील दोघेही पंढरीचे वारकरी होते, असे परंपरा सांगते. म्हणजे वारी घरात चालत आलेली होती आणि पंढरपूरही फार दूर नव्हते. तरीही ह्या मुलाने आपले सारे आयुष्य मळ्यात काढले. भेंड गावची जनाबाई त्यांची पत्नी. विठ्ठल आणि नागाताई ही त्यांची दोन मुले.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. 1271 मध्ये रामदेवराव गादीवर आला. 1275 मध्ये ज्ञानेश्वर जन्मले, त्याच्या पाच वर्षे आधी नामदेव. वयाने सावतोबा ह्या दोघांहून वडील. तेरचे गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा असा तो मेळा आहे. ह्यांतल्या कुणीही आपला धंदा लपवला नाही. सेना न्हाव्याचा आरसा, नरहरीचा सोन्याचा व्यवहार, चोखोबांचे महारपण हे सारे त्यांच्या अभंगांत उतरले. सावतोबांनी मळा आणला.

त्यांचे आज 37 अभंग सांगितले जातात. काशिबा गुरव नावाच्या सोबत्याने ते लिहून ठेवले, अशी समजूत आहे. त्यांतला एक अभंग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला असेल. त्यात कांद्यामुळ्यापासून कोथिंबिरीपर्यंत भाजीचा सारा वाफाच विठ्ठल होऊन उभा राहतो, आणि विहीर, मोट, तिचे दोर हे सगळे पंढरीच्या पोटात जाते. हे ज्याने लिहिले त्याने मोट धरली होती, ह्याविषयी शंका घ्यायला जागा नाही.

अरणची जमीन आमच्या मावळासारखी नव्हे. आमच्याकडे पाणी लोटून कसे द्यावे, ही चिंता. तिकडे ते आणावे कसे, ही. आजीच्या परसात पावसाळ्यात वाफे उंच करून बाजूने चर काढावे लागत, नाहीतर रोपांची मुळे कुजत. दोडका, पडवळ, कारले, काकडी ह्यांचे वेल मांडवावर, भोपळ्याचा थेट घराच्या कौलांवर. मोरीच्या पाण्यावर अळू, कडेला हळद, आले आणि गवती चहा, कुंपणाला अडुळसा. भात निघाल्यावर थंडीत मेथी, मुळा, लसूण, कोथिंबीर, वांगी आणि पावटा. होळीनंतर ओढा आटला की भांडी घासल्याचे पाणीसुद्धा वाया न घालवता शेवगा, कढीलिंब आणि लिंबाचे झाड जगवायचे. अरणला असे आपोआप वाहणारे पाणी चार महिनेही नसणार. तिथे वर्षभर भाजी काढायची म्हणजे बैल जुंपून मोट ओढायची, पाटाने पाणी खेळवायचे आणि खोरे घेऊन एकेका वाफ्याचे दारे धरायचे. दारे धरणारा माणूस जागचा हलू शकत नाही. एक वाफा भरला की ते बांधून दुसरे फोडायचे. नजर चुकली तर पाणी भलतीकडे. मेथी-कोथिंबिरीला तर दोन दिवसांचाही दुष्काळ सोसत नाही.

परसबागेला सुट्टी नसते, ही गोष्ट मी आजीपाशी शिकलो होतो. सावतोबांचे चरित्र वाचताना तिचा अर्थ कळला. ते पंढरीला गेले नाहीत ते देवाला कमी लेखून नव्हे. रोपाला रोज लागते तेवढे अवधान त्यांनी रोज दिले, आणि त्या अवधानालाच भक्ती म्हटले.

मात्र त्यांच्या संसाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकदा सासुरवाडीची माणसे घरी आली असता सावतोबा भजनात इतके गढले होते की त्यांनी पाहुण्यांची विचारपूसही केली नाही, आणि जनाबाई संतापल्या, अशी कथा आहे. सावतोबांनी मग त्यांची समजूत घातली. परंपरा ही कथा सावतोबांच्या थोरवीसाठी सांगते. मला मात्र जनाबाईंचा राग खरा वाटतो. मळ्याचे आणि घराचे निम्मे ओझे ज्या बाईने वाहिले, तिच्या वाट्याला कथेत एवढा एक रागच आला.

सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका महिपतीने 1762 मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात आहे. पांडुरंग ज्ञानदेव-नामदेवांना घेऊन कूर्मदासाच्या भेटीला निघाले. वाटेत अरण लागले. सोबत्यांना बाहेर ठेवून देव एकटेच मळ्यात शिरले आणि मला कुठे तरी लपव म्हणाले. मळ्यात लपवण्याजोगी जागा ती कोणती? सावतोबांनी हत्याराने आपले पोट चिरून देवाला आत घेतले आणि वरून कांबळे बांधले. नामदेव देवाला शोधत रडत फिरले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे. चालत आला तो देव. माळी आपल्या वाफ्याशीच होता.

ही दिशा आजही टिकून आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांच्या बाबतीत उलट घडते. आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. इ. स. 1295 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सावतोबांनी देह ठेवला, आपल्या मळ्यातच. ज्ञानेश्वरांच्या समाधीला तेव्हा एक वर्ष अवकाश होता.

माझ्या संशयाचे उत्तर मला ह्या उलट्या पालखीत मिळाले. कष्टकऱ्याने आहे तिथेच समाधान मानावे, असे सावतोबा सांगत नाहीत. जिथे हात चिखलात आहेत त्या जागेचा मान पंढरीएवढा आहे, असे ते सांगतात. आणि मधे कुणी पुजारी, मंत्र, मुहूर्त लागत नाही, हेही त्यातच आले. देवाने उठून मळ्यापर्यंत यावे, हा त्या माळ्याचा हक्क होता.

आता एक गंमत सांगतो. त्या प्रसिद्ध अभंगात मिरचीही आहे. भूगोलाचे पुस्तक वाचताना माझ्या ध्यानात आले की मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगिजांनी ती आपल्याकडे आणली ती इ. स. 1500 नंतर, म्हणजे सावतोबांना जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाल्यावर. त्यांच्या मळ्यात मिरची असणे शक्यच नाही. बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा, पेरू, पपई हीसुद्धा त्यांनी पाहिली नसणार. कुणी म्हणेल, मूळ शब्द मिरी असावा. पण मिरीचा वेल दमट मलबारचा, अरणच्या कोरड्या मळ्यात तो कसा जगेल? माझा तर्क असा की पुढल्या कुणा गाणाऱ्याने आपल्या परसात जे उगवत होते ते सहज अभंगात लावून दिले.

हे कळल्यावर क्षणभर मी खट्टू झालो. मग आजीची मडकी आठवली. ती दोडक्याचे, काकडीचे, घेवड्याचे बी राखेत घोळवून मडक्यात जपून ठेवायची. त्यातले काही तिच्या सासूकडून आलेले, काही शेजारणीने दिलेले, काही माहेरचे. कुठले कुणाचे, हे तिलाही सांगता येत नसे. पण मृग निघाला की सगळे जमिनीत जायचे. अभंगही असाच हातोहात आला. ती मिरची मला आता चूक वाटत नाही. ती कुणीतरी आपल्या हाताने लावलेली आहे.

पहिल्या वर्षी आजी वसतिगृहावर येणाऱ्या माणसाबरोबर पडवळ आणि घेवड्याचे गाठोडे पाठवायची. मित्र हसतील म्हणून मी ते खाटेखाली सरकवून ठेवी. एकदा तिथेच ते कुजले. हे मी तिला कधी सांगितले नाही. गेल्या माघात ती गेली, आणि आता सांगायचे राहून गेले.

ह्या वर्षी आवणीला मी घरी होतो. एकादशीच्या दिवशी पाऊस थोडा उघडला तेव्हा मागच्या दारी गेलो. मडकी जागेवर होती. चर बुजले होते ते काढले, वाफे उंच केले, आणि ज्याचे नाव मला ठाऊक नव्हते ते बीही टोचले. श्रावणात पाहिले तर मांडवावर पडवळ चढला होता. सुट्टी संपल्यावर त्याचे गाठोडे मी स्वतःच वसतिगृहावर आणले आणि खोलीत सगळ्यांसमोर सोडले.