एका आरोपाने करिअर संपवलं! ‘बुगाटी’ची राणी एले नीस कोण होत्या?

फ्रान्समध्ये १९००मध्ये जन्मलेल्या एले नीस आधी पॅरिसमधील गाजलेल्या नर्तकी होत्या. स्कीइंग करताना गुडघा दुखावला, नृत्य सुटलं आणि त्यांनी स्टेअरिंग हाती घेतलं.

विक्रमी वेग
१९२९मध्ये त्यांनी पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर महिलांची ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी बुगाटी कारमधून ताशी १९७ किमीहून अधिक वेगाचा महिलांचा विक्रम केला. पुढे त्या पुरुषांसोबतच ग्रां प्री शर्यतींत उतरू लागल्या.

भीषण अपघात
१९३६मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत त्यांची कार गर्दीवर आदळली. काही प्रेक्षक दगावले. त्या स्वतः कोमात गेल्या. तरीही वर्षभरातच त्या माँलेरीत परतल्या आणि महिलांच्या टीमसोबत दीर्घ पल्ल्याचे विक्रम केले.

नेमका आरोप काय?
१९४९मध्ये माँटे कार्लो रॅलीच्या पार्टीत प्रसिद्ध रेसर लुई शिरॉन यांनी सर्वांसमोर त्यांना गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची हस्तक ठरवलं. पुरावा कधीच समोर आला नाही. पण प्रायोजक आणि मित्र दुरावले.

१९८४मध्ये नीस शहरात हलाखीतच त्यांचा मृत्यू झाला. कुटुंबाच्या कबरीवर त्यांचं नावही नव्हतं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे फलक लागला, तो थेट २०१०मध्ये.