बेत्तिनो रिकासोली

बेत्तिनो रिकासोली (९ मार्च, १८०९, फ्लोरेन्स – २३ ऑक्टोबर, १८८०, ब्रोलियो) हे इटलीतील राजकारणी, जमीनदार व कृषिसुधारक होते. काउंट कावूर यांच्या निधनानंतर १८६१ मध्ये ते एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले व १८६६-६७ मध्ये त्यांनी हे पद पुन्हा भूषविले. करारी व तडजोड न मानणाऱ्या स्वभावामुळे ते 'लोखंडी बॅरन' या नावाने ओळखले जात. तोस्काना प्रांतातील कियांती या लाल वाइनला तिचे आधुनिक स्वरूप मुख्यतः त्यांच्या प्रयोगांमुळे लाभले. इटलीबाहेर त्यांचे नाव आज राजकारणापेक्षा या वाइनमुळेच अधिक घेतले जाते.

पूर्वायुष्य

रिकासोली हे तोस्कानातील एक प्राचीन सरदार घराणे. फ्लोरेन्स व सिएना या दोन वैरी नगरांच्या सीमेवर, गायोले गावाजवळ असलेला ब्रोलियोचा किल्ला ११४१ पासून या घराण्याकडे आहे. बेत्तिनो अठरा वर्षांचे असताना पोरके झाले आणि त्यांच्या वाट्याला कर्जात बुडालेली जहागीर आली. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने विशेष हुकूम काढून त्यांना सज्ञान ठरविले व धाकट्या भावांचे पालकत्व त्यांच्याकडे सोपविले. शिक्षण अर्धवट टाकून त्यांनी कारभार हाती घेतला. १८३० मध्ये त्यांचा आन्ना बोनाक्कोर्सी यांच्याशी विवाह झाला.

फ्लोरेन्समधील एका नृत्यसमारंभात कोणा तरुणाने पत्नीशी केलेली सलगी न रुचल्याने त्यांनी त्याच रात्री घोडागाडी ब्रोलियोकडे वळविली आणि पुढे तिला तिथेच ठेवले, अशी आख्यायिका आहे. ती आवडीने सांगितली जाते. मात्र शहर सोडून ब्रोलियोला जाऊन राहण्यास डोक्यावरील कर्ज हे कारणही पुरेसे होते.

तोस्कानात तेव्हा अर्धेलीची शेती रूढ होती. कूळ राबत असे आणि पीक मालक व कूळ यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाई. रिकासोली कुळांच्या कामावर, हिशोबावर आणि धर्माचरणावरही कडक नजर ठेवीत. या शिस्तीमुळे जहागीर कर्जमुक्त झाली. ही शिस्त कुळांना कितपत सुखाची वाटली असेल, हा प्रश्न त्यांच्या गौरवपर चरित्रांत सहसा उपस्थित होत नाही.

राजकीय कारकीर्द

१८४७ मध्ये लांब्रुस्किनी व साल्व्हान्योली यांच्यासमवेत त्यांनी 'ला पात्रिया' हे वृत्तपत्र सुरू केले. पुढे ते फ्लोरेन्सचे नगरप्रमुख झाले, परंतु ग्रँड ड्यूकचे धोरण उदारमतवादाच्या विरोधात जाऊ लागताच त्यांनी पद सोडले. २७ एप्रिल, १८५९ रोजी ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्ड फ्लोरेन्स सोडून गेला. त्यानंतर तोस्कानाची सूत्रे रिकासोली यांच्याकडे आली. स्वतंत्र तोस्काना टिकविण्याचे सर्व पर्याय नाकारून त्यांनी पीडमाँटशी विलीनीकरणाचा आग्रह धरला आणि मार्च १८६० मधील सार्वमताने तो मान्य झाला. त्यांच्या राजकीय कार्यातील हे सर्वांत मोठे यश होय.

पंतप्रधानपद त्यांना तितकेसे मानवले नाही. पहिले मंत्रिमंडळ प्रतिस्पर्धी रात्ताझ्झी यांच्या डावपेचांपुढे मार्च १८६२ मध्ये कोसळले. दुसऱ्या कारकिर्दीत व्हेनिसचा प्रदेश इटलीत आला, परंतु चर्चच्या मालमत्तेविषयी पोपशी समझोता करण्याची त्यांची योजना संसदेला मान्य झाली नाही. एप्रिल १८६७ मध्ये राजीनामा देऊन ते ब्रोलियोला परतले.

ब्रोलियोतील प्रयोग

इटलीचे पहिले दोन्ही पंतप्रधान द्राक्षमळ्यांचे मालक होते, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. कावूर यांचे मळे पीडमाँटमधील ग्रिन्झाने येथे होते. शेती सुधारल्याखेरीज देशाला उत्पन्न नाही आणि उत्पन्नाखेरीज स्वातंत्र्य टिकत नाही, अशी त्या पिढीतील सुधारकांची धारणा होती.

कियांतीच्या डोंगराळ भागात वाइन पूर्वीपासून होत असे. १७१६ मध्ये ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फर्मान काढून तिच्या प्रदेशाची हद्दही आखून दिली होती. परंतु हाताशी असतील ते वाण एकत्र करून केलेली ही वाइन फार काळ टिकत नसे, त्यामुळे दूरच्या बाजारात तिला भाव नव्हता. फ्रेंच वाइनच्या तोडीची वाइन तोस्कानात व्हावी, या हेतूने रिकासोली यांनी फ्रान्समधील द्राक्षमळे पाहिले आणि स्थानिक वाण निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून अनेक वर्षे प्रयोग केले. फ्रेंच वाण आणून लावण्यापेक्षा तोस्कानातील वाणांतूनच निवड करण्यावर त्यांचा भर राहिला.

१८७२ चे पत्र

या प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्राने कळविले. त्यात तीन वाणांचा विचार आहे. सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षामुळे वाइनला गंध व जोम येतो. कानायोलो हे दुसरे काळे द्राक्ष तिचा तुरटपणा सौम्य करते आणि तरीही मूळ गंधाला बाधा आणीत नाही. माल्व्हाझिया या पांढऱ्या द्राक्षाने वाइन हलकी होते व लवकर पिण्याजोगी बनते. म्हणून रोजच्या जेवणासाठी माल्व्हाझिया घालण्यास त्यांची हरकत नव्हती, मात्र साठवून मुरवायच्या वाइनमध्ये ते कमी करावे, असे त्यांचे मत होते.

हे पत्र 'कियांतीचे सूत्र' म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात ७०, २० व १० टक्के असे प्रमाण दिल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात पत्रात असे आकडे नाहीत. दोन उपयोगांच्या दोन वेगळ्या वाइन, हा त्यातील मुख्य भेद होता आणि पुढे नेमका तोच विसरला गेला.

कायदा आणि किंमत

१९६७ मध्ये इटलीने कियांतीची कायदेशीर व्याख्या केली, तेव्हा सर्वच कियांतीमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची झाली. भरघोस पण फिक्या चवीचे पीक देणाऱ्या त्रेब्बियानोलाही त्यात स्थान मिळाले. रोजच्या वाइनची कृती अशा रीतीने उत्तम वाइनवरही लादली गेली. गवती वेष्टणातील फुगीर बाटली हे स्वस्त कियांतीचे चिन्ह बनले. उत्तम वाइन करू पाहणाऱ्यांना नियम मोडणे भाग पडले. १९७१ च्या हंगामापासून निघालेली आंतिनोरी घराण्याची तिग्नानेल्लो ही वाइन कियांतीच्या प्रदेशातीलच होती, तरीही ती 'टेबल वाइन' या सर्वांत खालच्या वर्गात विकावी लागली. तिची किंमत मात्र नियमानुसार केलेल्या कियांतीहून कितीतरी अधिक होती.

१९८४ मध्ये कियांती क्लासिको या मूळ प्रदेशासाठी पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण २ ते ५ टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये ती सक्ती उठली व केवळ सांजोव्हेझेची वाइन करण्यास परवानगी मिळाली. २००६ च्या हंगामापासून तर तेथे पांढरी द्राक्षे वर्ज्यच ठरली. आज कियांती क्लासिकोमध्ये किमान ८० टक्के सांजोव्हेझे असावे लागते आणि बाटलीवर काळ्या कोंबड्याची मुद्रा असते. तिच्या तीन प्रती आहेत. साधी प्रत किमान १२ महिने, 'रिझेर्व्हा' २४ महिने आणि केवळ उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांची 'ग्रान सेलेत्सियोने' ३० महिने मुरवावी लागते. किंमतही सहसा याच क्रमाने चढत जाते. 'क्लासिको' हा शब्द नसलेली साधी कियांती यांहून स्वस्त मिळते. ती आसपासच्या विस्तृत प्रदेशात तयार होते आणि तिच्यात १० टक्क्यांपर्यंत पांढरी द्राक्षे घालण्याची मुभा अजूनही आहे.